ज्ञानेश्वरी ॲट एक-दोन-तीन

मच्छिंद्रने माउस सोडला आणि घामेजलेला तळवा पँटीला पुसला. पडद्यावरची हिरवी पट्टी रखडत पुढे सरकत होती आणि तिच्याखाली लाल अक्षरांत एकेक नाव उमटत होतं. ट्रोजन. वर्म. ॲडवेअर. पुन्हा ट्रोजन. घरातली अडगळ भरदिवसा पाहुण्यांसमोर अंगणात काढून मांडावी, तसं त्याला वाटायला लागलं होतं.

"एवढं सगळं ह्या एका डबड्यात व्हतं?" दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या बाळासोने विचारलं.

मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मच्छिंद्रने कुठूनतरी फुकटात उतरवून घेतलं होतं. ते बसवताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना आली आणि त्याने आज्ञाधारक मुलासारखा तो बंद केला. पुन्हा चालू करायचं राहून गेलं ते गेलंच. त्यात केंदूर गावातल्या यच्चयावत उगवत्या नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स त्याच्याकडे तयार व्हायचे. जो तो आपापला पेनड्राइव्ह घेऊन यायचा आणि मच्छिंद्र कपाळाला अंगारा लावावा इतक्या सहज तो कॉम्प्युटरला लावायचा. कोण कुठून काय घेऊन आलंय, हे त्याने कधी विचारलं नाही. गावातल्या माणसाला असं विचारतात का?

समोरच्या स्टुलावर बाळासोची मुलगी ज्ञानेश्वरी बसली होती. हा सगळा खटाटोप तिच्यासाठी चालला होता. सोलापूरच्या एका नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती. परवा दौंडहून सोलापूरची गाडी धरायची म्हणून बॅगसुद्धा भरून झाली होती. आणि आज सकाळी मच्छिंद्रने प्रवेशाच्या वेबसाइटवर तिचं नाव टाकलं, तर समोर एकच ओळ आली: उमेदवाराच्या विनंतीवरून प्रवेश रद्द.

त्याने हेल्पलाइनला फोन लावला होता. तिकडच्या बाईंनी जेवणाचा डबा उघडता उघडता सांगावं तसं सांगितलं, की जागा पुढच्या मुलीला गेली, फेऱ्या संपल्या, आता पुढच्या वर्षी बघा.

"मी तर इनंती केली न्हाई," ज्ञानेश्वरी म्हणाली. ती रडत नव्हती. सकाळपासून एकदाही रडली नव्हती, आणि मच्छिंद्रला त्याचीच जास्त भीती वाटत होती. "मामा, तुम्ही नीट बघा ना. तुम्हाला कळंल."

हे म्हणताना ती पडद्याकडे बघत नव्हती, मच्छिंद्रच्या तोंडाकडे बघत होती.

पाचवीच्या शिष्यवृत्तीपासून तिचा प्रत्येक अर्ज ह्याच खुर्चीत बसून मच्छिंद्रने भरला होता. तेव्हा ती स्टुलावर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नसत. तिचं नाव ज्ञानेश्वरी म्हणून तो तिला माउली म्हणायचा, आणि ती खरोखरच्या माउलीसारखी गंभीर चेहरा करून 'घ्या प्रसाद' म्हणत हातातल्या शेंगदाण्यांतले दोन त्याच्या टेबलावर ठेवायची. तिची आई कुसुम गेली त्या वर्षी तेवढं ते थांबलं. मग ती शेंगदाणे आणीनाशी झाली आणि बाळासोच्या मोबाइलवर फुलबाजारातल्या आडत्यांशी बोलायला लागली.

केंदुरातल्या अर्ध्याअधिक लोकांचे पासवर्ड मच्छिंद्रनेच ठरवलेले होते. लोक विसरतात, मग पुन्हा हेलपाटे घालतात, म्हणून त्याने सरसकट एक नियम करून टाकला होता. नाव इंग्रजीत, पहिलं अक्षर मोठं, पुढे ॲट, पुढे एक-दोन-तीन. भरलेल्या दुकानात तो हे मोठ्याने सांगायचा: "आपलंच नाव, ॲट, एक-दोन-तीन. इसरायचं कामच न्हाई." आणि मोबाइल नंबर घालायचा तो घरातल्या कर्त्या पुरुषाचा. मुलीच्या अर्जात बापाचा नंबर, बायकोच्या अर्जात नवऱ्याचा. ही रीतच होती आणि तिच्यात वावगं काही आहे असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. ज्ञानेश्वरीचे सगळे मेसेज त्यामुळे बाळासोच्या खिशात जाऊन पडायचे. बाळासोला आकड्यांपलीकडे वाचता येत नसे. मग तीच ते उघडून त्याला वाचून दाखवायची.

पट्टी शेवटाला पोचली. लाल नावांची रांग थांबली. मच्छिंद्रने खालून वर, वरून खाली नजर फिरवली आणि एका नावावर बोट ठेवलं.

"ह्यो बघा. कीलॉगर. आपण जी बटणं दाबतो ती सगळी चोरून टिपून ठिवतो आन् बाहीर कुणालातरी धाडतो. पासवर्ड ह्यानंच उचलला आसनार. मग कुणीतरी आत शिरून..." त्याने पडद्यावरचं बोट मागे घेतलं. "माझ्यामुळं झालं हे, माउली."

ज्ञानेश्वरीने मान वळवून बापाकडे बघितलं. बाळासो खिशावर हात ठेवून उभा होता.

"शिरूरला जाऊन तक्रार देऊ," मच्छिंद्र म्हणाला. "सायबरची. म्या येतो बरुबर."

"नको," बाळासो चटकन म्हणाला. "पोलिसांचं झेंगट नको. पोरीचं नाव कशाला तिथवर न्यायचं? व्हायरसनं झालं, तूच म्हनतूस. झालं ते झालं."

ज्ञानेश्वरी स्टुलावरून उठली. स्टूल तिने नेहमीप्रमाणे टेबलाखाली सरकवून ठेवलं आणि बापाच्या आधी बाहेर पडली.

मच्छिंद्रने त्यानंतर दुकान बंद ठेवलं. कॉम्प्युटर सगळा पुसून कोरा केला, विकतचा अँटिव्हायरस आणला, पेनड्राइव्ह घेणार नाही अशी पाटी स्वतःच्या हाताने लिहून दारावर लावली. घर जळाल्यावर विहीर खणण्यातला तो प्रकार होता हे त्याला कळत होतं. पण हाताला काम नसलं की डोळ्यांसमोर ती टेबलाखाली स्टूल सरकवणारी पोरगी यायची.

पासवर्ड बदलायला त्याने स्वतःपासून सुरुवात केली. त्याच वेबसाइटवर त्याचंही खातं होतं. 'बदला' असं दाबलं आणि सदऱ्याच्या खिशात मोबाइल थरथरला. ओटीपी आला होता. ते आकडे टाकल्याशिवाय पुढची खिडकी उघडेना.

मच्छिंद्र मोबाइल हातात धरून बसून राहिला. आकड्यांची मुदत संपली, वेबसाइटने त्याला बाहेर काढलं, तरी तो तसाच बसला होता.

पासवर्ड चोरीला जाऊ शकतो. ज्ञानेश्वरीचा तर चोरायचीही गरज नव्हती, त्याने तो गावभर वाटून ठेवला होता. पण पासवर्ड बदलायला ओटीपी लागतो, तर प्रवेश रद्द करायला लागल्याशिवाय राहील का? आणि तो आला असणार बाळासोच्या खिशात. कॉम्प्युटरमधला कीलॉगर कितीही बेरकी असला, तरी केंदूरच्या माळावर शेवंती खुडणाऱ्या माणसाच्या खिशात हात घालू शकत नाही.

तो उठला, शटर अर्धं ओढलं आणि बाळासोच्या रानाकडे चालायला लागला.

बाळासो वाफ्यात ओणवा होऊन फुलं खुडत होता. बांधावर क्रेट मांडून ठेवलेले होते. मच्छिंद्रला बघून तो सरळ झाला, पण हातातली फुलं त्याने खाली ठेवली नाहीत. दोघं एका वर्गात होते. पहिलीतच बाळासोने शाळा सोडली तेव्हा त्याची पाटी मच्छिंद्रने नेली होती.

"ओटीपी कुणाला दिलास, बाळासो?"

बाळासो इकडेतिकडे बघत राहिला. मग क्रेटच्या कडेवर टेकला.

"शिक्रापूरला गेलतो," तो म्हणाला. "तिथं बी एक दुकान हाय, तुझ्यासारखंच. त्येला म्हनलं, पोरीचं जायाचं रद्द झालंय, तेवढं बंद करून टाक. पासवर्ड ठावकीच व्हता, तूच वरडून सांगतूस. मोबाइलवर आकडं आलं, त्ये वाचून दावलं. आकडं तेवढं येत्यात मला."

"आरं, पन का? पाठवायची न्हवती तर तोंडानं सांगायचंस. तिनं ऐकलं नसतं का?"

"ऐकलं आसतं की. म्हनून तर सांगवंना." बाळासो हातातल्या फुलांच्या पाकळ्या उपटायला लागला. विकायच्या मालाची अशी नासाडी करताना त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. "म्या नको म्हनलं आसतं तर तिनं मुकाट बॅग रिकामी केली आसती. आन् मग रोज सकाळी तिच्या तोंडाकडं बघायचं कसं?"

"आन् आता बघवतं?"

बाळासोने उपटलेल्या पाकळ्या मातीत झटकल्या. म्हणाला, "कुसुम हुती तवा तिला वाचता यायचं. ती गेली, मग हिनं सगळं हातात घेतलं. गुलटेकडीचा आडत्या मेसेज धाडतो, माल कवा आनायचा, भाव काय निघाला. फोन वाजला तर कुनाचा हाय त्ये मला नावावरनं कळत न्हाई, मच्छ्या. ती गेली म्हंजी ह्यो मोबाइल माझ्या हातात निस्ता दगुड. सांजच्याला घरात दोन शब्द बोलायला तरी कोन हाय? बॅग भरलेली बघितली. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. सकाळी उठून गेलो शिक्रापूरला. येताना जिलेबी घेतली. तिनं खाल्ली. मला गिळवंना."

मच्छिंद्रला त्याचा राग यायला हवा होता. आलाही होता, रानात येईपर्यंत चांगला डोक्यात होता. पण क्रेटवर बसलेल्या ह्या माणसाकडे बघून तो कुठे गेला कोण जाणे.

"त्यो मेसेज हाय का अजून मोबाइलमधी?"

"न्हाई. सगळंच पुसलंय. तीच साफ करती अधनंमधनं, मोबाइल भरला की."

"बरं झालं," मच्छिंद्र म्हणून गेला. आपण काय ऐकलं आणि काय बोललो, ह्याचा त्याने त्या वेळी विचार केला नाही.

बाळासो उठला आणि त्याने मच्छिंद्रचं मनगट धरलं. त्याच्या हाताला शेवंतीचा कडसर वास येत होता.

"पोरीला सांगू नकोस. तेवढं कर."

मच्छिंद्र घरी परतताना बांधाबांधाने सावकाश आला. सांगून काय होणार, असं त्याने स्वतःला समजावलं. गेलेली जागा परत येणार नाही. आई गेलेल्या पोरीच्या मनातून बाप तेवढा उतरेल. त्यापेक्षा व्हायरस बरा. व्हायरसला ना घर ना दार, त्याला शिव्या घातल्या तरी कुणाचं काही जात नाही. आणि गेलंच तर मच्छिंद्रचं नाव जाईल. जाऊ दे. गावाच्या वेशीत शिरेपर्यंत त्याला स्वतःच्या ह्या मोठेपणाचं थोडं कौतुकसुद्धा वाटायला लागलं होतं. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची होती ती ह्या कौतुकाचीच.

नाव जायला वेळ लागला नाही. मच्छिंद्रच्या डबड्यात रोग आहे, अशी बातमी वढूपासून पाबळपर्यंत पोचली. लोक शिक्रापूरला जायला लागले, बहुतेक त्याच दुकानात. विठाबाई म्हणून एक म्हातारी पेन्शनच्या कामासाठी आली, तर आधारकार्ड पदराखालून बाहेर काढीना. "लांबूनच बघ, बाबा," म्हणाली, "ह्येला लागलं मंजी मी कुठं जाऊ?" एरवी मच्छिंद्रने हा किस्सा महिनाभर रंगवून सांगितला असता. आता त्याने मुकाट्याने कार्ड लांबून बघितलं आणि आकडे टाइप केले.

ज्ञानेश्वरीने शिरूरला कॉम्प्युटरचा वर्ग लावल्याचं त्याच्या कानावर आलं. जुन्या मिशनच्या आवारात ग्लॅडिस मॅडम म्हणून एक बाई तो वर्ग घेत. कडक होत्या, उशिरा आलेल्याला दारातच उभं करत. सकाळी फुलं गाडीत चढवून ज्ञानेश्वरी एसटीने जायची आणि दुपारी परतायची. मच्छिंद्रच्या दुकानासमोरच एसटी थांबे. ती उतरली की तो पडद्यात डोकं घाली.

एके दिवशी ती उतरून सरळ दुकानात आली. हातात पुस्तक होतं.

"मामा, परीक्षा हाय. सुरक्षेचा धडा जरा समजावून सांगा."

"ग्लॅडिस मॅडम सांगत न्हाईत व्हय?"

"सांगतात. पन मला तुमच्याकडनं ऐकायचंय."

मच्छिंद्रने हा धडा फार वर्षांपूर्वी पाठ केला होता आणि परीक्षा झाल्यावर सोडून दिला होता. आता मात्र त्याला तो असा आठवला की जणू काल वाचला असावा. व्हायरस म्हणजे काय, तर तो फाइलला चिकटून येतो. आपण फाइल उघडली की जागा होतो. कुणी उघडलीच नाही तर नुसता पडून राहतो. वर्मला कुणी उघडायची गरज नसते. तो आपला आपण एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात सरपटत जातो. स्पायवेअर गुपचूप बघत बसतं. रॅन्समवेअर आपल्याच घराला कुलूप लावतं आणि किल्लीसाठी अडवून धरतं.

"आन् ट्रोजन?"

"ट्रोजन येगळा. त्यो चोरासारखा येत न्हाई. आपल्याला पायजे आसतं तेच रूप घिऊन येतो. आपण आपल्या हातानं त्येला आत घेतो. आपलाच म्हनून."

ज्ञानेश्वरी ऐकत होती. पुस्तक उघडं होतं, पण त्यात ती बघत नव्हती.

"आन् ओटीपी कशासाठी आसतो, मामा?"

मच्छिंद्रने टेबलावरचा स्टेपलर उचलला, उघडला, बंद केला.

"त्ये दुसरं कुलूप," तो म्हणाला. "पासवर्ड चोरीला गेला तरी मानूस वाचावा म्हनून."

"मग ते कुलूप कोन उघडतं? व्हायरसला उघडता येतं?"

हीच वेळ होती. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. रस्त्यावर एसटीचा धुरळाही बसला होता. नुसतं 'माउली' एवढं म्हटलं असतं तरी पुढचं सगळं आपोआप आलं असतं. त्याला बाळासोची मनगटावरची पकड आठवली. आणि खरं सांगायचं तर आपण एवढे दिवस गप्प बसलो, ते आता कोणत्या तोंडाने सांगायचं, हेही त्याच्या मनात आलं.

"काही ट्रोजन मोबाइलमधले मेसेज बी वाचतात," तो म्हणाला. "हल्ली लई निघालेत तसले."

ते खोटं नव्हतं. पुस्तकातसुद्धा तसं लिहिलेलं होतं.

"व्हय?" ज्ञानेश्वरी म्हणाली. तिने आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग पुस्तक मिटलं, स्टूल टेबलाखाली सरकवलं आणि गेली.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा परीक्षा दिली. ह्या खेपेला अर्ज तिने शिरूरहूनच भरला. सोलापुरात तिला पुन्हा जागा मिळाली, कॉलेज वेगळं. मच्छिंद्रला हे एसटीच्या कंडक्टरकडून कळलं. आनंद झाला आणि त्याच वेळी दाताखाली खडा आल्यासारखंही झालं.

जायच्या दिवशी सकाळी बाळासोची मोटारसायकल दुकानासमोर थांबली. तो तिला चौफुल्यामार्गे दौंडला पोचवणार होता. बॅग मागे दोरीने आवळून बांधलेली होती. बाळासो गाडीवरून उतरला नाही. ज्ञानेश्वरी आत आली, तिने स्टूल ओढून घेतलं.

"मामा, एक काम ऱ्हायलंय. नंबर बदलायचाय. आण्णांचा काढून माझा घालायचा. मी सिम घेतलंय."

"ग्लॅडिस मॅडमकडं न्हाई केलंस?"

"त्याला आण्णांचा ओटीपी लागतो. आण्णा शिरूरला येत न्हाईत." ती जराशी हसली. "आन् म्हटलं, जाताना तुम्हाला भेटून जावं."

मच्छिंद्रने तिचं खातं उघडलं. जुना पासवर्ड त्याला विचारावा लागला नाही. नवा नंबर त्याने घातला आणि बटण दाबलं. बाहेर गाडीवर बसलेल्या बाळासोच्या खिशात मोबाइल वाजला.

"आण्णा, मेसेज आलाय बघा," ज्ञानेश्वरीने बसल्या जागेवरून हाक दिली. "काय लिहिलंय?"

मच्छिंद्र उठायला लागला. "म्या बघतो. त्येला कुठं—"

"बसा, मामा."

बाळासोने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. मग एकेक अक्षर जोडत, पहिलीतल्या पोरासारखं, तो मोठ्याने वाचायला लागला.

"आप-ला... मो-बा-ईल... क्र-मांक... बदल-ण्या-साठी..." मध्ये आकडे आले, ते त्याने झरझर वाचले. मग पुन्हा अक्षरं आली आणि त्याचा वेग मंदावला. "हे... आक-डे... कुणा... कुणा-लाही... सांगू..."

तिथे तो थांबला. मोबाइल तसाच हातात राहिला. शेवटचा शब्द त्याने मनातल्या मनात वाचला असावा, कारण त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

ज्ञानेश्वरीने आकडे टाकले.

"वर्षभर शिकवलं त्यांना," ती हळू आवाजात म्हणाली. "रोज जेवणं झाली की. आता आडत्याचा मेसेज वाचतात. फोन आला तर नाव वाचतात. एकटे ऱ्हायले तरी अडनार न्हाई."

मच्छिंद्र तिच्याकडे बघत राहिला. बाळासो रानात काय बोलला होता ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती.

"मागच्या साली बी असाच मेसेज आलता," ती म्हणाली. "खाली हेच लिहिलं व्हतं."

"तू... वाचलावतास?"

"त्या दिवशी आण्णांनी जिलेबी आणली. कवाच आणत न्हाईत. खाल्ली, हात धुतले, आन् बाजारभाव बघायला मोबाइल घेतला. वरच व्हता." तिने कीबोर्डच्या कडेवरून बोट फिरवलं. "पुसून टाकला. दुसऱ्या कुणी बघू नये म्हणून."

म्हणजे त्या सकाळी ह्या स्टुलावर बसली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तुम्हाला कळंल, असं ती म्हणाली होती. कोरड्या डोळ्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्याने कीलॉगरवर बोट ठेवून दाखवलं होतं. त्या वेळी त्याला काही माहीत नव्हतं, तेवढं त्याच्या बाजूने होतं. पुस्तक घेऊन आली त्या दिवशी तेही नव्हतं.

"बोलली का न्हाईस, माउली?"

"तुम्ही बोलाल, असं वाटलं. तुम्हाला इचारलं मी, मामा. दोनदा." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मच्छिंद्रला सोसता आला असता. "आण्णांचं मला कळतं. ते भ्याले. तुम्ही कशाला भ्यालात?"

मच्छिंद्रने तोंड उघडलं. तुझं घर मोडू नये म्हणून, असं वाक्य त्याच्याकडे वर्षभर तयार होतं. ते आता ओठांवर येईना. त्याने वाचवलं होतं ते तिचं घर नव्हतंच. अवघड बोलण्यातून त्याने स्वतःला तेवढं वाचवलं होतं. तिच्या घराला एक माणूस हवा होता, जिच्याशी खोटं बोललं गेलंय तिला खरं सांगणारा, आणि तो माणूस टेबलापलीकडे स्टेपलर उघडत-मिटत बसला होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

तिने मान हलवली. त्याचा अर्थ हो होता की असू द्या होता, ते त्याला कळलं नाही.

"आण्णांना ठावं हाय का, तुला कळलंय ते?"

"न्हाई," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आन् तुम्ही सांगू नका."

मच्छिंद्रने मान खाली घातली. बाळासो रानात अगदी असंच म्हणाला होता.

पडद्यावर पुढची खिडकी उघडली. नंबर बदलला, आता नवा पासवर्ड टाका. मच्छिंद्रची बोटं इतक्या वर्षांच्या सवयीने आपोआप बटणांवर गेली. पहिलं अक्षर त्याने दाबलंही.

ज्ञानेश्वरीने कीबोर्ड हलकेच स्वतःकडे ओढून घेतला आणि ते अक्षर खोडलं.

"मी टाकते, मामा," ती म्हणाली. "तुम्ही जरा तिकडं बघा."

मच्छिंद्रने खुर्ची फिरवली. आता त्याचं तोंड दाराकडे होतं, आणि दाराबाहेर मोटारसायकलवर बाळासो बसलेला होता. दोघांची नजरानजर झाली. बाळासोने अजून मोबाइल खिशात टाकला नव्हता, हातात धरून ठेवला होता.

मागे बटणं वाजत होती. सावकाश, एकेक, मधूनच थांबून. ॲट एक-दोन-तीन केव्हाच होऊन गेलं असतं, पण ती टाइप करतच होती.

बाळासोने हातानेच विचारलं, झालं का?

मच्छिंद्रने मान हलवली, अजून नाही.